उकळणाऱ्या गाडीची चोरी

हैदराबादच्या तारनाक्यातल्या त्या चोरीची फिर्याद मी स्वतः लिहून घेतली होती. नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, ही मात्र अजून वेगळी उभी आहे. ठाण्यातलं काम मी घरी सांगत नसे. ही केस तेवढी बायकोला सगळी सांगितली होती. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. तिला सांगितली तशीच सावकाश लिहितो. नावं कुणाचीच लिहीत नाही.

परदेशी बनावटीच्या गाड्या तेव्हा शहरात नुकत्याच दिसू लागल्या होत्या. फिर्यादी आमच्यातलाच, म्हणजे हैदराबादचा मराठी. आजोबा संस्थानाच्या महसूल खात्यात, वडील प्राध्यापक. याने कुकटपल्लीची जमीन विकली, कॉम्प्युटरचे क्लास काढले आणि एक भली थोरली एसयूव्ही घेतली. ती गल्लीत वळायची तेव्हा शेजारी आपापल्या स्कूटर फाटकाच्या आत ओढून घेत.

सकाळी उठून पाहिलं तर घरासमोर गाडी नाही, अशी फिर्याद. गाडीची स्थिती विचारली, तर म्हणाला, उत्तम. संशय कुणावर विचारलं, तर ड्रायव्हरचं नाव सांगितलं.

ड्रायव्हर जुन्या शहरातला, पन्नाशीला आलेला मुसलमान गृहस्थ. त्याला आखाती देशात ड्रायव्हरकीचा व्हिसा मिळाला होता आणि त्याने काम सोडण्याची पूर्वसूचना दिली होती. देश सोडून निघालेला माणूस, त्यात गाडी त्याच्या हातातली. पोलिसाला आणखी काय हवं असतं? हवालदारानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मला तेलुगूत म्हणाला, ‘‘वीडे दोंगा, सार.’’ हाच चोर, असं त्यानं ठरवूनही टाकलं.

अटक दाखवली नव्हती, चौकशीसाठी बसवून ठेवलं होतं. बसवून ठेवणं म्हणजे काय, हे ज्याचा माणूस ठाण्यात बसला आहे त्याला विचारावं. बाकावर तो टोपी मांडीवर ठेवून ताठ बसे. व्हिसा मिळाला तरी तिकडे जायला पोलिसांचा दाखला लागतो. केसमध्ये नाव आलं की दाखला नाही, दाखला नाही की आखात नाही. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

मी विचारलं, ‘‘चाबी किसकू दिये?’’

‘‘साब के हाथ में दिया. शाम कू.’’

‘‘फिर मुलुक छोड़ने की इत्ती जल्दी कायकू?’’

‘‘तारीख मैं डाल्या क्या साब? कफील डाल्या.’’ कफील म्हणजे तिकडचा मालक. मग म्हणाला, ‘‘और वो गाड़ी? थोड़ी चली की उबलती. उसकू चुराके मैं किधर जातूँ, टँकबंड?’’ टँकबंड म्हणजे शहरातल्याच तलावाचा बांध.

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. माझ्यासमोरच्या एफआयआरमध्ये गाडी उत्तम स्थितीत होती.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. कुकटपल्लीच्या वर्कशॉपमध्ये त्या गाडीच्या इंजिनाचं काय झालं ते विचारा, एवढंच बोलून फोन ठेवला. निनावी फोनवर मी कधी भरवसा ठेवला नाही, आणि तो कधी दुर्लक्षितही केला नाही. आम्ही गेलो.

वर्कशॉपच्या मॅनेजरने आधी टाळाटाळ केली, मग सांगितलं. वॉरंटी नुकतीच संपली होती. इंजिन वारंवार तापत होतं, सिलिंडर हेडला तडा गेला होता. दुरुस्ती नाही, सबंध इंजिन परदेशातून मागवावं लागेल, आणि खर्च असा की तेवढ्यात साधी नवी गाडी दारात यावी. मालक कंपनीशी पुष्कळ भांडला. ‘‘वॉरंटी संपली की कंपनीचा आवाजच बदलतो, सर,’’ मॅनेजर म्हणाला, आणि आपण हे बोलायला नको होतं असा चेहरा केला. बिघडलेल्या इंजिनाचे पैसे विमा कंपनी देत नाही. चोरीला गेलेल्या गाडीचे देते.

तिथून माझ्या संशयाने दिशा बदलली.

मालकाला बोलावलं. तो अगदी शांत होता. इंजिन बाहेर दुरुस्त करून घेतलं, म्हणाला. कुठे? गौलीगुड्यात, एकाकडे. मी लहानाचा मोठा गौलीगुड्यात झालो; एवढ्या गाडीला हात लावणारा मिस्त्री तिथे तेव्हा असता तर सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक असतं. त्या ‘एकाचं’ नाव काही त्याला आठवेना. शेवटी तो खुर्ची पुढे ओढून मराठीत म्हणाला, ‘‘साहेब, तुम्ही आपले. त्या ड्रायव्हरचं ऐकून माझ्यावर शंका घेता?’’

‘आपले’ हा शब्द ठाण्यात मी बऱ्याचदा ऐकला आहे. तो ऐकला की मी पेनाचं टोपण काढतो. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. कोर्टात मी काय सांगणार होतो? गाडी उकळत होती, एवढंच?

घरातल्यांचे जबाब बाकी होते, म्हणून तारनाक्याला गेलो. त्याच्या आईने मराठी पोलीस अधिकारी म्हणून कौतुकाने आत नेऊन बसवलं, बदामाची खीर पुढे केली. समोरच देवघर होतं. घासून लखलखीत केलेले पितळी देव, पिढ्यांच्या हातांनी नाक-डोळे पुसट झालेले. त्यांच्यात एक लहानसा गणपती चांगला ठसठशीत होता, आणि त्याच्या बैठकीखालून काळ्या डिंकाचा एक थर बाहेर आला होता.

तो गणपती कुठे असतो हे मला कुणी सांगायला नको होतं. आमच्याकडे नवी गाडी आली की पूजा होते आणि देव डॅशबोर्डवर चिकटवला जातो. गाडी विकायची तर आधी देवाला नमस्कार करून त्याला घरात आणतात. परक्याच्या हाती गाडी जाते, देव जात नाही.

‘‘आजी, हे गाडीतले बाप्पा ना?’’

‘‘हो. त्यानंच आणून दिले, चोरीच्या आदल्या दिवशी. म्हणाला, राहू दे इथे थोडे दिवस.’’ मग त्या हात जोडून म्हणाल्या, ‘‘देवानंच बुद्धी दिली, बघा. नाहीतर चोरानं नेले असते.’’

दारात उभ्या असलेल्या सूनबाई आत निघून गेल्या. मी खिरीची वाटी खाली ठेवली.

ठाण्यात मी मालकाला एकच प्रश्न विचारला: देव आदल्या दिवशी का काढला? तो म्हणाला, धुवायला. डिंक तसाच ठेवून? हवालदार फाईल बांधत होता, तो थांबला.

मालकाने सगळं सांगितलं. कुकटपल्लीच्या पलीकडे दगडाची एक बंद पडलेली, पाण्याने भरलेली खाण होती. मावसभावाच्या ट्रकने गाडी तिथवर ओढून नेली आणि कड्यावरून लोटली.

‘‘आणि गणपती?’’

‘‘त्याला कसं बुडवणार, साहेब?’’

‘‘दरवर्षी बुडवतो की आपण.’’

‘‘ते विसर्जन,’’ तो म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. ‘‘हे वेगळं.’’

‘‘ड्रायव्हरचं नाव का घेतलंत?’’

‘‘तुम्ही विचारलंत, संशय कुणावर. कुणाचं तरी सांगायला हवं होतं. मला वाटलं, सोडाल तुम्ही त्याला.’’

क्रेनने गाडी वर काढली, पंचांसमोर पंचनामा झाला. मागच्या सीटखाली घडी घातलेली एक जानमाज निघाली, चिखलाने जड झालेली. दुपारच्या नमाजासाठी ड्रायव्हर ती गाडीतच ठेवत असे. मुद्देमालात तिची नोंद करून मी पुढे ती त्याला रीतसर सुपूर्द केली. त्याने ती ठाण्याच्या नळावर धुतली, पिळली. ‘‘धूप में सूख जाती साब,’’ एवढंच म्हणाला.

बायकोने सगळं ऐकून एकच विचारलं होतं, त्याचा व्हिसा राहिला का? राहिला. त्याच्याविरुद्ध काही आढळलं नाही, हा अहवाल मी लेखनिकावर न सोपवता स्वतः लिहिला होता. तो गेला.

संशय घेणं हा माझा धंदाच होता, आणि सगळी नोकरी मी समजत आलो की माणसं खोटं बोलतात ते ओळखायचं, म्हणजे काम झालं. या केसनंतर मला त्यांच्या खऱ्या बोलण्याची जास्त धास्ती वाटू लागली. पंचनाम्यावर सही करताना मी मालकाला विचारलं होतं, गणपती काढलात, तेव्हा ती जानमाज का नाही काढली? तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, ‘‘लक्षातच आलं नाही, साहेब.’’ त्याच्या साऱ्या जबाबात या एका वाक्यावर मी काडीचाही संशय घेतला नाही.