पहिलं पाणी

आमच्या काळाचौकीच्या चाळीत पाणी भरायचा एक नियम होता: नळ आला की पहिलं पाणी सोडून द्यायचं. ते गढूळ यायचं, वासही मारायचं. पुढचं जरा स्वच्छ दिसलं की तोटीला फडकं बांधून पिण्याचं भरायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मीही तेच करत आले. पाइप गटारातून जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो बदलायचा विषय निघाला की सासरे म्हणत, “टॉवर होणारच आहे. पाडायच्या घराला नवा पाइप कशाला?” ते चाळ कमिटीचे सेक्रेटरी. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

मग माझ्या मुलीला कावीळ झाली. खालच्या मजल्यावरही दोघं आजारी पडले. डॉक्टरांनी विचारलं, “पाणी उकळता का?” मी म्हटलं, “पहिलं सोडून देतो.” “म्हणजे नाही,” म्हणत त्यांनी ते कागदावर लिहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला ॲडमिट केलं त्याच संध्याकाळी चाळीची मीटिंग होती. हॉस्पिटलातून मी तशीच तिथे गेले. गणपतीची वर्गणी न मागता देणारी माणसं पाइपाचं नाव निघताच एकमेकांकडे बघायला लागली. “थोडी कळ काढा, मग घराघरात नळ,” कोणीतरी म्हणालं. माझं डोकंच फिरलं.

“बाबा, तुमची नात सलाईनवर आहे,” मी सासऱ्यांना सगळ्यांसमोर म्हणाले. “तिला सांगू का, टॉवर होईपर्यंत कळ काढ म्हणून?”

चारचौघांत सासऱ्यांना असं कोणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी पुढ्यातली वही मिटली.

“टॉवर होयत तेव्हा होयत,” ते म्हणाले. “उद्या प्लंबरला बोलवा. पहिली वर्गणी माझी.”

मुलगी घरी आल्यावर थोड्याच दिवसांत नव्या पाइपातून पाणी आलं. सवयीने मी पहिली बादली मोरीत ओतायला निघाले.

“थांब गो,” म्हणत सासऱ्यांनी पेला बुडवला आणि उभ्याउभ्याच ते पाणी प्यायले. नातीने हात पुढे केला तर तिला बाजूला सारलं. रोज ते असंच करत आणि दिवसभर स्वतःचं पोट चाचपत बसत.

आठवडाभराने म्हणाले, “माका काय झाला नाय. आता तिका दी.”

कावीळ इतक्या लवकर दिसत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. पाणी उकळून गार केलं आणि तिचा पेला त्यांच्याच हातात दिला.