हळू बोलणारं घर

सईवर अन्याय झाला तो दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सोमवारी. बाई तिच्या आईला वर्गाच्या दारातच म्हणाल्या, "हिला समज कमी आहे. दुसरी शाळा बघा." आमच्या इमारतीत वर राहणाऱ्या सात वर्षांच्या सईला समज भरपूर होती. तिला ऐकू येत नव्हतं. ते इतके दिवस लपून राहिलं, त्यात आमच्या घरमालकिणीच्या आवाजाचाही वाटा होता.

तिला सगळे काकी म्हणायचे. मूळची इथल्याच मोहने गावची. शेतं गेली, तिथे इमारत उभी राहिली, आवाज मात्र शेतातलाच राहिला, या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. रोज सकाळी अंगणात यायची, कमरेवर हात ठेवायची, मान वर करायची. "सईऽऽ गो! उठलीस का?" सई उठायचीच, पण तळमजल्यावर मीही उठायचो आणि नाक्यावरचा रिक्षावालाही.

सईची हाडं जन्मापासून ठिसूळ. एकदा रिक्षा खड्ड्यात आपटली तेवढ्यानं मांडीचं हाड मोडलं. आमच्याकडचे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. म्हणून त्या घरात दिवसभर एकच शब्द चालायचा. हळू उचल. दार हळू लाव. पोर दचकली तर काहीतरी मोडेल, म्हणून बोलायचंही हळू. तिची आई तर कुजबुजायचीच. सई सगळ्याला मान हलवायची. किती शहाणी पोर, असं आम्ही म्हणायचो.

"काकी, हळू ना!" आई जिन्यातून विनवायची.

"मी हात तरी लावलाय का गो तिला? तोंडानं हाड मोडतं का कुनाचं?"

आई हाका मारून दमली तरी न हलणारी सई काकीच्या एका हाकेला सरकत सरकत गॅलरीत यायची. काकीला केवढा तोरा! "आयशीचं नाय आयकत, बापाचं नाय आयकत. माजंच आयकते. जीव हाय पोरीचा माज्यावर." हे ऐकलं की आईचा चेहरा पडायचा.

शाळेनं हाकललं, तेव्हा कुठे ठाण्याच्या इस्पितळात कानाची तपासणी झाली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. कानातही हाडं असतात हो. तीन. अख्ख्या शरीरात सगळ्यांत लहान. अशा आजारात त्यांनाही धोका असतो. सईच्या पायाचे एक्सरे कपाटात मावत नव्हते, आणि इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरनं तिच्या कानाबद्दल विचारलं नव्हतं. पायाचा डॉक्टर पाय बघतो. मग कान कोणी बघायचा?

आईनं काकीला सगळं सांगितलं. काकी सुकट निवडत बसलेली. हात थांबले.

"म्हंजे मना जीव नव्हता लावला तिनं? निस्ता आवाज मोठा म्हनून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली नाही. काकी अंगणात होती, खाली मान घालून झाडत. वर सई गॅलरीत गजांना धरून बसलेली. आई खाली उतरली.

"काकी, हाक मारा ना तिला."

"कशाला? ती मना थोडीच आयकते."

"मारा म्हणते ना हाक!" आई ओरडली. जन्मात पहिल्यांदा. सगळ्या खिडक्या उघडल्या. "तिला अख्ख्या जगात एकच माणूस ऐकू येतो, आणि तुम्ही रुसून बसता?"

काकीनं झाडू खाली ठेवला. मग म्हणाली, "हलू बोल गो. भाडेकरू काय म्हनतील!"

तेव्हापासून दुपारी काकी सईच्या शेजारी बसून गोष्टी सांगायची, भाज्यांची नावं, नातेवाइकांची भांडणं, सगळं त्याच आवाजात. आमच्या इमारतीला काकीच्या माहेरचं काहीही विचारा, पाठ आहे.

सरकारी योजनेतून मिळणारं कानाचं मशीन मात्र येईना. आज साहेब रजेवर, उद्या मशीनसाठी घेतलेला कानाचा साचाच चुकला. मी त्या कचेऱ्यांच्या दारांवर कानांच्या तपासणीची पत्रकं वाटली, भांडलो. लोक पत्रक घेतात, घडी घालतात, त्याच्यावर वडापाव ठेवतात.

होळीनंतर काकी लेकीकडे विठ्ठलवाडीला गेलेली, तिथेच झोपेत गेली. तिथूनच स्मशानात नेलं तिला. अशी बातमी कोण ओरडून सांगणार? आईनं सईला मिठीत घेतलं आणि कानाशी सांगितलं. सईनं मान हलवली.

मग मशीन आलं. सईनं ते लावलं आणि आईला म्हणाली, "तू एवढी बारीक का बोलतेस?" घरातले सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅलरीत जाऊन बसली. कुकरची शिट्टी ऐकली, रिक्षा ऐकली, कावळा ऐकला. खाली अंगणाकडे बघत बराच वेळ बसली. मग मशीनवर बोटानं टकटक केलं.

"आई, हे बिघडलंय. काकी ऐकू येत नाही."

आई तिच्याजवळ बसली आणि तीच बातमी पुन्हा सांगितली. या वेळी सईला ऐकू आली.

मला आता ओरडायचा कंटाळा आलाय, म्हणून हळूच सांगतो. तुमच्या घरात, नात्यात, शेजारी हाडांच्या आजाराचं मूल असेल, तर ते गुणी आहे, शांत आहे, मान हलवतं, यावर जाऊ नका. उद्या त्याच्या कानांची तपासणी करून घ्या, आणि दर वर्षी करत राहा. हे पत्रक घडी घालून ठेवू नका. उठा.