हॉलवाल्याच्या घरचं लग्न

शेलार गावच्या केसरीनाथाला भिवंडीत आडनावानं कुणी ओळखत नसे. तो हॉलवाला. नगरपालिकेनं खेळांसाठी म्हणून मोठं बंदिस्त सभागृह बांधलं, उद्घाटनाच्या दिवशी त्याला लांबलचक नाव दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक त्याला नुसतं हॉल म्हणू लागले. ते ब्याऐंशी साल. केसरीनाथ तेव्हाच तिथं शिपाई म्हणून लागला. खाली सागवानी फळ्यांची जमीन, तिच्यावर बॅडमिंटनचे पांढरे पट्टे, वर उंच खिडक्या. खिडक्या उघडल्या की शेजारच्या पॉवरलूमच्या कापसाचे तंतू आत येत. बंद ठेवल्या की माणसं घामानं भिजत. कापसापेक्षा घाम बरा, असं त्यानं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं.

खेळासाठी बांधलेल्या जागेत नुसता खेळ किती दिवस चालणार? शहरात एवढं मोठं छप्पर दुसरं नव्हतं. सकाळी पोरं खेळून गेली की दुपारी साड्यांचा सेल लागे. शनिवारी मुशायरा, रविवारी कराटे, संध्याकाळी कुणाचा तरी निकाह. शाळांची स्नेहसंमेलनं, लूममालकांच्या सभा, परीक्षा, मतमोजणी, सगळं तिथंच. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात दंगलीत शहर पेटलं, तेव्हा घरं गेलेली माणसंही तिथंच राहिली. त्या दिवसांत केसरीनाथ सतरंज्या पसरायचा, पाण्याचे पिंप भरायचा, आणि संध्याकाळी पायरीवर बसून राहायचा.

एक कार्यक्रम उठला की दुसऱ्यासाठी हॉल मांडायचा, हे त्याचं काम. हिंदूंच्या लग्नात मुहूर्तमेढ रोवायला जमीन लागते. एका वरबापानं "दोन फळ्या उचकटू का जरा?" असं विचारलं, तेव्हापासून केसरीनाथानं तेलाचे रिकामे डबे आणून त्यांत माती आणि खडी ठासून ठेवली होती. लग्नाच्या दिवशी त्यांत मेढीची फांदी उभी राही, खेळाच्या दिवशी नेटचा खांब. खुर्च्या मात्र शेकड्यांनी उचलाव्या लागत. ओढल्या तर फळ्यांवर ओरखडे पडत, म्हणून उचलायच्या. बारा वर्षं उचलून गुडघे कुरकुरू लागले, पाठ धरली. घरी आला की जेवणाआधीच त्याला पेंग येई. रंगूबाई ताट वाढून म्हणायची, "जेवून तरी झोपा, हॉलवाले."

चौऱ्याण्णव साली त्याच्या गोदूचं लग्न वडपे गावच्या दामूशेठच्या मुलाशी ठरलं. दामूशेठनं हायवेलगतची जमीन गोदामवाल्यांना दिली होती, आणि तेव्हापासून त्याला दारातल्या मांडवाची धूळ सोसेनाशी झाली होती.

"लगीन हॉलात," तो सुपारी फुटतानाच म्हणाला. "हॉल तर व्याह्यांच्याच हातातला हाय!"

केसरीनाथाला मनातून बरं वाटलं. ज्या हॉलात त्यानं गावभरची लग्नं उभी केली, तिथं आपल्या पोरीचं व्हावं, यात वावगं काय? पण दामूशेठ गेल्यावर गोदू दारात येऊन बसली.

"बाबा, हॉलात नको."

"का गो? पंखे हायत, खुर्च्या हायत."

"तेच तर. पंखा बंद पडला की तू धावणार. खुर्ची कमी पडली की तू धावणार. आठवीत मी गॅदरिंगला नाचले, तेव्हा तू कुठं होतास?"

"तितंच होतो की. पडद्याच्या दोरीला."

"दोरीला होतास. मला बघितलंस?"

दोरीपाशी उभं राहिलं की समोर नुसती भिंत दिसते. त्या हॉलातला एकही कार्यक्रम केसरीनाथानं बसून पाहिलेला नव्हता. पोरीचा नाचही नाही.

"सासरच्यांना हॉल पायजे तर होऊ दे," गोदू म्हणाली. "पण लग्नाच्या दिवशी तू एका खुर्चीला हात लावायचा न्हाय. पुढच्या रांगेत बसायचं आणि बघायचं. बोल."

"बरं बाय. लग्नाच्या दिवशी हात लावणार न्हाय."

नगरपालिकेतले कारकून प्रभाकरभाऊ हॉलच्या तारखा बघत. माणूस भला. "केसरी, तू नवरीचा बाप," ते म्हणाले. "मी दोन हंगामी माणसं लावतो. तू आपला कोट घालून ये."

लग्नाच्या आदल्या दिवशी हॉलात बॅडमिंटनचे सामने होते. संध्याकाळी हळदीला जाण्याआधी केसरीनाथ सहज म्हणून डोकावला. सामने संपले होते, नेट तशीच उभी होती, आणि ती दोन माणसं चार-चार खुर्च्या एकात एक घालून फरफटत नेत होती.

"अरे, उठाके लेव! घसीटो मत!"

"चाचा, टेन्शन मत लो. सुबह तक हो जाएगा."

तो घरी गेला. हळद लागली, बायांची गाणी झाली, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. फळ्यांवरचे ओरखडे त्याला शेलारात बसल्या जागी दिसत होते. शब्द लग्नाच्या दिवसाचा दिला होता, आणि दिवस अजून उगवायचा होता. पाहुणे आडवे झाल्यावर त्यानं सायकल काढली. हॉलात जाऊन त्या दोघांना म्हणाला, "जाव, घर जाव. हम देखता है." आणि मग नेट उतरवली, सगळ्या खुर्च्या उचलून मांडल्या, स्टेज जोडलं, फळ्या पुसल्या. उजाडता उजाडता शेलारला परतला आणि आंघोळ करून कोट चढवला.

"डोळे का लाल झाले?" रंगूबाईनं विचारलं.

"पोरगी चालली. लाल न्हाय होणार?"

तिनं पदर डोळ्यांना लावला. केसरीनाथाला जरा लाज वाटली.

वऱ्हाड आलं. दामूशेठनं हॉलभर नजर फिरवून मान डोलावली. केसरीनाथ कबूल केल्याप्रमाणे पुढच्या रांगेत बसला. वरचा एक पंखा करकर वाजू लागला, तसा तो अर्धा उठला. स्टेजवरून गोदूनं पाहिलं. तो पुन्हा बसला.

"व्याही, पंखा ओरडतोय हो तुमचा!" दामूशेठ हसत म्हणाला.

"प्रभाकरभाऊंना सांगा," केसरीनाथ म्हणाला.

बारा वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. ते बोलून त्यानं पाठ टेकली. इतक्या वेळा उचललेल्या त्या खुर्चीची पाठ एवढी कलती आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. अंगातला सगळा शीण एकदम खाली उतरला. भटजी काहीतरी म्हणत होते, ते लांब लांब गेलं.

पुढचं त्याला रंगूबाईनं मागाहून सांगितलं. अंतरपाट धरला, सगळे उभे राहिले, आणि पुढच्या रांगेत नवरीचा बाप मान टाकून घोरत होता. मंगलाष्टकं सुरू झाली. लोक अक्षता टाकत, त्या निम्म्या त्याच्यावर पडत. रंगूबाई त्याला हलवायला निघाली, तेव्हा गोदूनं मामाच्या पुढ्यातून मानेनंच नको म्हटलं. खुर्च्यांच्या सुतासारख्या सरळ रांगा तिनं हॉलात पाऊल टाकताच बापाच्या हातच्या म्हणून ओळखल्या होत्या. तेव्हापासून तिचा चेहरा उतरला होता, आणि बापाला झोपलेला बघून तो निवळला, असं रंगूबाई म्हणाली. बायांना काय काय दिसतं!

टाळ्या नि वाजंत्र्यांनी केसरीनाथ दचकून उठला. मांडीवर तांदूळ, कोटाच्या खिशात तांदूळ. समोर नवरा-नवरीच्या गळ्यांत हार. काय झालं ते त्याला हळूहळू उमगलं, आणि तो तसाच बसून राहिला.

"उठा, कन्यादानाला बोलावतात," रंगूबाईनं दंड धरून उठवलं.

तो स्टेजवर चढला आणि पाटावर बसला. गोदूचा हात त्याच्या हातात दिला गेला.

"गोदू," तो हळूच म्हणाला, "जरा डुलकी लागली गो. पण आज हात न्हाय लावला."

"काल लावलास."

भटजी मंत्र म्हणत होते, पंखा अजून करकरत होता, मागं जेवणाच्या पंगतीसाठी कुणीतरी खुर्च्या ओढत होतं, आणि तो आवाज त्याच्या पाठीतून जात होता. त्यानं मान वळवली नाही.

"आता तरी बघ," गोदू म्हणाली.

डोळे झोपेनं चुरचुरत होते, तरी त्यानं ते उघडे ठेवले. कानाच्या पाळीला राहिलेली हळद, मुंडावळ्यांखाली आलेला घाम, आजीवर गेलेलं नाक. भटजींना "पाणी सोडा" असं दोनदा म्हणावं लागलं.