सुई उजवीकडे, ऊब डावीकडे

अंगात येणं, उतारे, नजर लागणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. आळीत कुणी घुमायला लागलं की मी घरात निघून जायची. तरी हे माझ्याच अंगावर घडलं. तोंडाने सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहिते.

आम्ही मुरुडचे. दुसऱ्यांच्या वाडीतली सुपारी सोलून द्यायचं आमचं काम. थंडीत माझी दोन्ही हातांची बोटं पांढरी पडायची, पण त्या वर्षी डाव्या हाताचं मधलं बोट टोकाशी काळं पडायला लागलं. मी डावरी, सुरी त्याच हातात. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बोटात रक्त पोचत नाही. मानेत इंजेक्शन देऊन बघू, नाहीतर बोट काढावं लागेल." ते द्यायला मुंबईहून लाँचने मोठे डॉक्टर आले.

मी टेबलावर पडलेली, हात पदराखाली, शेजारी सासूबाई. आमचे डॉक्टर बाहेर पेशंट बघत होते.

"कुठला हात?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

सून डावरी आहे हे सांगायची सासूबाईंना लाज. त्या म्हणाल्या, "कामाचा हात. दुसरा कुठला?"

डॉक्टरांनी उजवा समजून मानेत उजव्या बाजूला सुई घातली. मला कळत होतं, पण परक्या पुरुषासमोर माझा आवाजच निघाला नाही.

थोड्या वेळाने उजवी पापणी खाली आली. "छान, औषध जागेवर पोचलं. आता हात गरम होईल," म्हणत त्यांनी माझा उजवा हात धरला. थंडगार. पुन्हा चाचपला... तोवर माझा डावा हात निखाऱ्यावर धरल्यासारखा झाला होता. मी तो पदराबाहेर काढला. नखं गुलाबी, शिरा फुगलेल्या —

डॉक्टरांनी तो हातात घेतला आणि सोडेचनात. कंपाउंडरला म्हणाले, "मी कुठे टोचलं?"

"उजवीकडं, साहेब."

"असं होत नसतं. ज्या बाजूला सुई, त्याच बाजूचा हात गरम होतो."

"व्हत नाय कसा?" सासूबाई म्हणाल्या. "झाला ना."

पुढच्या खेपेला डॉक्टर सुई भरून नुसतेच उभे राहिले. शेवटी मलाच विचारलं, "बाई, कुठे देऊ?"

परक्या पुरुषाशी मी तेव्हा पहिल्यांदा बोलले. "उजवीकडंच द्या."

बोट राहिलं. मानेत उजवीकडे दिलेलं औषध डाव्या हाताला कसं गेलं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी अजून कधीतरी मानेची ती जागा चाचपून बघते. तिथे काहीच नाही.