आबांच्या मुठीतली मिशी

मिशी माणसाला फुटते, असा एक सर्वसाधारण समज आहे. पण आमच्या हिच्या मामांना एकदा पाहिलं की माणसाची खात्री पटते, की मिशी आधी जन्माला आली असणार आणि तिला टेकायला काहीतरी हवं म्हणून देवानं मागाहून मामा केले असणार. लग्नात सप्तपदीच्या वेळी मी पहिल्यांदा ती पाहिली. भटजी मंत्र म्हणत होते, ही माझ्या शेजारी चालत होती, आणि माझी नजर मांडवाच्या टोकाला, दोन्ही बाजूंनी वर चढून गालांवर विसावलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र ऐवजावर खिळली होती. त्या दिवशी मी सात वचनं कसली दिली ते मला आजही नीट सांगता येणार नाही, आणि त्याचा फायदा ही अजून घेते.

मामा राहतात तोंडवलीला. समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर घर, मागे माड, बाजूला पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. पर्यटक समुद्र बघायला येतात आणि मिशीचे फोटो घेऊन जातात. मामा फोटोला नाही म्हणत नाहीत, फक्त हात लावू देत नाहीत. पुण्याच्या एका हौशी गृहस्थानं "खरी आहे का?" म्हणत बोट पुढे केलं, तेव्हा मामांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो बिचारा स्वतःचंच नाक खाजवून खोलीत गेला आणि त्यानं जेवणात मासे दुसऱ्यांदा मागितले नाहीत. या मिशीपायी मामांनी हेल्मेट घालायला लागू नये म्हणून मोटरसायकल विकली आणि सायकल घेतली. मास्कच्या दिवसांत तिची दोन्ही टोकं मास्कच्या बाहेर राहात, आणि नाक्यावरचा पोलीस "काका, मास्क वर घ्या" म्हणण्याऐवजी नकळत सलाम ठोकी. जेवताना तर बघत राहावं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी पडदा उचलावा तशी मिशी उचलायची, उजव्या हातानं बांगड्याच्या तिखल्याचा घास आत सोडायचा आणि पडदा खाली. सोलकढी पितानासुद्धा मिशीला गुलाबी ठिपका लागलेला मी बारा वर्षांत पाहिला नाही. मी दाढी करताना रोज स्वतःला कापून घेणारा माणूस. मला हे सगळं एखाद्या सिद्धपुरुषाच्या करणीसारखं वाटे.

देशावरची माणसं मिशीला तूप लावतात म्हणे. मामांचं तूप म्हणजे मुठेल. रतांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया कुटून, उकळून वर जे तेल येतं ते निवलं की घट्ट होतं. मग ते मुठीत दाबून त्याचे पांढरे गोळे करायचे, म्हणून ते मुठेल. आमच्याकडे ते पायांच्या भेगांना लावतात. मिशीला लावावं हे मामांच्या घराण्याचं संशोधन. एकदा लावून पीळ दिला की खाऱ्या वाऱ्याची काय बिशाद! फक्त मे महिन्यात दुपारी ते जरा पातळ होतं आणि टोकं खाली येतात. "मामांची मिशी पडली" म्हणजे आता उन्हात जाऊ नये, असा वाडीतला हिशेब आहे.

पण माझा खरा नमस्कार होता तो मिशीला मुठेल लावणाऱ्या हातांना, आणि ते हात मामांचे नव्हते. ते होते मामांच्या वडिलांचे, म्हणजे आमच्या आबांचे. नव्वदी कधीच उलटलेली, दृष्टी पूर्ण गेलेली, देह चिपाडासारखा. पण तळहात मात्र ऊन. रोज सकाळी आबा पडवीत बसत, मुठेलाचा गोळा मुठीत धरून ठेवत, आणि तो मऊ झाला की हाक मारीत, "ये रे!" मग पासष्टीचा, तीन नातवंडांचा आजोबा असलेला हा दांडगा माणूस आबांच्या पुढ्यात मांडी घालून बसे. "तोंड वर कर." मामा तोंड वर करीत, डोळे मिटीत. आबा आधी डावी बाजू लावीत, मग उजवी, आणि दोन्हीकडे सारखा पीळ देऊन म्हणत, "झाली. आता जा खंय जातंस ता." न बघता साधलेला तो तोल एखाद्या सोनाराला साधणार नाही.

अशाच एका सकाळी आबांचं बोट डाव्या बाजूला थांबलं. "ह्यां काय रे?"

"मुरूम आसतलो," मामा म्हणाले.

"मुरूम महिनोभर रवता?" आबा म्हणाले.

ओठावर, मिशीच्या आत, वाटाण्याएवढी गाठ होती. ही तेव्हा तिथंच होती, तिनं फोन करून मला गाडी काढायला लावली आणि आम्ही मामांना गोव्याला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि शांतपणे सांगितलं, की गाठ काढून तपासायला पाठवावी लागेल, ती साधीच असेल असं आत्ता म्हणता येणार नाही, आणि त्यासाठी निदान डावीकडची मिशी काढावी लागेल. मामा उठले आणि चपला घालून बाहेर गाडीत जाऊन बसले.

मला वाटलं, मिशीचा मोह. तसं मी बोललोही. परतीच्या वाटेवर वेंगुर्लं मागे पडलं. मग मामा म्हणाले, "जावयबापू, तुमी शिकलेले. पण बापूस जितो आसताना मिशी काडूची नसता. मिशी काडलेलो माणूस दिसलो की लोक पयलां काय इचारतत? कोण गेलो? आबा घरात बसलेले आसताना माझ्या तोंडार ह्यो प्रश्न मी लिवान घेव?" आमच्याकडे मिशी उतरते ती बापाच्या दहाव्याला, हे मलाही ठाऊक होतं. त्या क्षणी ती मिशी मला पहिल्यांदा भीतिदायक वाटली. एवढा मोठा माणूस आणि तो तिच्या आड लपला होता.

मग गावच्या रिवाजाप्रमाणे देवाला कौल लावायचं ठरलं. देवळात गुरवानं मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवी आणि डावी. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, "हे देवा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू दारात उभां आसा, ह्येच्या मिशयेखाली जा काय आसा ता काडूक तुझो हुकूम आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" आणि लगेच टप्पकन उजवी पाकळी पडली. उजवा कौल म्हणजे देवाचा होकार, हे इथं रांगतं पोरसुद्धा जाणतं. मी सुटकेचा श्वास सोडतो आहे तोच मामा हात जोडून म्हणाले, "देवान उजवी मिशी मागितल्यान. गाठ डावीक आसा. डावीक हात लावूक देवाचो हुकूम नाय." मानकरी तोंड उघडं टाकून बघत राहिले. साठ वर्षं कौल ऐकलेल्या माणसानं केलेली ती चूक इतकी धडधडीत होती, की ती चूक नाही हे माझ्यासकट सगळ्यांना कळलं.

घरी आल्यावर हिनं आबांना सगळं सांगून टाकलं. आबांनी ऐकून घेतलं. मग हातानं चाचपत मामांचा चेहरा शोधला.

"रे मेल्या," आबा म्हणाले, "मी मरान म्हणून तू मरतलंस काय?"

मामा मान खाली घालू लागले, तशी आबांनी हनुवटी धरून ती वर केली.

"उद्या बाजारात चल. माका घेवन. माझी खुर्ची तुझ्या बाजूक. कोण गेलो म्हणून कोण इचारता, ता मी बघतंय."

दुसऱ्या दिवशी मी दोघांना मालवणच्या बाजारातल्या सलूनमध्ये घेऊन गेलो. आबा सहा वर्षांनी घराबाहेर पडले होते. मिशी काढायची हे ऐकून सलूनवाला हातातला कंगवाच विसरला आणि सवयीनं म्हणाला, "काका, कोण गेलो?"

"कोण जावक नाय!" शेजारच्या खुर्चीतून आबा गरजले. "बापूस हय बसलो आसा! काड तू!"

वस्तरा फिरला. मामांनी डोळे मिटले होते आणि आबांनी त्यांचं मनगट धरलं होतं. मिशीखालचा ओठ मी पहिल्यांदाच पाहिला. तो हुबेहूब आबांचा होता.

गोव्याला गाठ काढली, ती साधी निघाली, त्या दिवशी आम्ही सगळेच रडलो. पण मिशी परत यायला वेळ होता, आणि तोवर आबांनी मामांना एकट्यानं कुठं जाऊ दिलं नाही. मासळीबाजार, कुडाळचा आठवडा बाजार, रेशनचं दुकान, सगळीकडे आबा सोबत, आणि कुणी तोंड उघडायच्या आधीच त्यांची आरोळी, "मी आसंय रे, जितो आसंय!" लोक हसत, मामा ओशाळत, आणि आबांना मासळीच्या नुसत्या वासावरून सुरमई आली की नाही ते ओळखण्यात अपार सुख होई. मामांच्या मिशीनं पडून आबांना सहा वर्षांचा बाजार परत दिला, असं मला वाटतं.

मिशीला पुन्हा पहिला पीळ बसला त्या सुमारास, काजू मोहरायच्या दिवसांत, आबा दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. दहाव्याला मिशी पुन्हा उतरली. या वेळी बाजारात कुणीच काही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं तोंडवलीला गेलो होतो. मिशी परत आली आहे, पण टोकं खाली. मला आधी उन्हाचा दोष वाटला. सकाळी पाहिलं तर मामा पडवीत आबांच्या जागेसमोर बसले होते, मुठेलाचा गोळा मुठीत धरून. बराच वेळ झाला तरी गोळा तसाच टणक.

"रोज धरतंय," मामा म्हणाले. "आबांच्या हातात लगेच मऊ जाय. माझ्या हातात ऊबच नाय, जावयबापू."

मी समुद्राकडे बघत राहिलो. ही आतून आली, तिनं त्यांच्या मुठीतून गोळा काढून घेतला आणि आबांच्या जागी बसून स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. थोड्या वेळानं म्हणाली, "मामा, तोंड वर करा."

मामांनी तोंड वर केलं, डोळे मिटले.

"खंयची बाजू पयली?"

"डावी," मामा म्हणाले.