सूर्याचं पान

भविष्य बघायची टॅरोची पानं वाचायला मी नुकतीच शिकत होते. अठ्ठ्याहत्तर पानांपैकी जेमतेम दहा-बारांचे अर्थ पाठ झाले होते; बाकीच्यांसाठी मांडीवर पुस्तिका उघडी लागायची. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या सुमनताईंनी एकदा पीठ मळता मळता विचारलं, "मुलीला सासरी परत पाठवू का, तेवढं बघा ना यात." नवऱ्याने मारलं म्हणून ती महिनाभर माहेरीच होती.

"अहो, मी अजून शिकतेय," म्हणत मी एक पान काढलं. सूर्याचं निघालं. पुस्तिका न उघडता अर्थ आठवला, त्या आनंदात मी हसले. वर, यावरून काही ठरवू नका, असंही म्हणाले.

चार दिवसांनी त्यांनी सांगितलं, "पाठवली तिला."

"पानावरून?"

"मला पानातलं काय कळतंय, ताई? तुमचा चेहरा उजळला, ते बघितलं."

अडचणीतलं माणूस काय काय वाचत असतं. डॉक्टरांच्या भुवया, वकिलाचा सुस्कारा. आणि आपण वाचले जातोय, याचा समोरच्याला पत्ताही नसतो.

मी का हसले होते, ते मी सुमनताईंना खरं सांगून टाकलं. पिठाचे हात धुऊन त्यांनी मुलीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्यांनी पुन्हा लावला. तव्यातून धूर यायला लागला, तरी गॅस बंद करायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही.