शनिवारी आप्पांची ओळख पटली नाही

भिंगार सोडलं त्या सकाळी आप्पा माझी पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन नगरच्या माळीवाडा स्टँडवर मुंबईच्या गाडीची वाट बघत उभे होते. हमाल दोनदा विचारून गेला, पण ट्रंक काही खाली उतरेना. लष्कराच्या डेपोत पस्तीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस; लेकीची ट्रंक दुसऱ्याने उचलावी हे त्यांना पटण्यातलंच नव्हतं. आई पदराने डोळे पुसत होती. तिला म्हणाले, "रडायला काय झालं? पोरगी ब्यांकेत चाललीय, वनवासाला न्हाई." आणि मला म्हणाले, "काम चोख करायचं. कुनाचं मिंधं व्हायचं न्हाई." गाडी हलली तसं मी खिडकीतून मान काढून बघितलं, तर आप्पा गर्दीकडे पाठ करून उभे होते. आई बिचारी उगीच बदनाम, रडत तर हेच होते.

भिंगारला राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारखंच बोचकं बांधून पुणं, मुंबई, दुबई गाठलेल्यांनो, आज तुम्हाला त्या नोकरीचं सांगते. अठ्ठ्याण्णव साल होतं. बँकेत लागले म्हटल्यावर गल्लीतल्या सगळ्यांना वाटलं, काचेमागे बसून नोटा मोजत असेल. नोट तर मी डोळ्यांनी बघितली नाही! एका मोठ्या हॉलमध्ये आम्ही तीस-चाळीस मुलंमुली कानाला हेडफोन लावून बसायचो. लोक घरातून फोन करणार, आणि आम्ही त्यांची कामं फोनवरच करून देणार. फोनबँकिंग तेव्हा नवंनवं होतं. पहिल्या सुट्टीत मी आईला हे सगळं समजावलं, तर ती म्हणाली, "म्हंजे तू कुनाला बघत न्हाई, कुनी तुला बघत न्हाई. मग बोलनारा त्योच हाय हे कळतं कसं गं?"

आमची माउली शाळेची पायरी चढलेली नाही, पण माझ्या नोकरीतला एकुलता एक प्रश्न तिने नेमका धरला. दिवसभर मी तेच करायचे. खाते क्रमांक सांगा, आईचं नाव सांगा, जन्मतारीख सांगा. तिन्ही उत्तरं कॉम्प्युटरशी जुळली तर पुढे बोलायचं. एक जरी चुकलं तर एकदाच पुन्हा विचारायचं. तेही चुकलं तर हात जोडायचे आणि शाखेत जायला सांगायचं. आणि उत्तराच्या जवळपास नेणारा एक शब्दही आपल्या तोंडून जाता कामा नये. एका मुलीने ओळखीच्या बाईंना तारीख सुचवली, तर दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची रिकामी होती. प्रत्येक फोन टेप व्हायचा.

लोकांना काय राग यायचा म्हणता! "मी कोण आहे ते तुला माहीत नाही?" ही तर रोजचीच आरती. एका गृहस्थांना आईचं नाव विचारलं तर ते कडाडले, "ए बाई, आईवर जायचं काम नाही!" मी म्हटलं, "सर, मी फक्त नाव विचारतेय." हेडफोन काढून हसायची सोय नव्हती, ओठ चावून बसायचं.

पण खरं सांगू? मला ते प्रश्न आवडायचे. लहानपणापासून माझी ओळख विचारणारे मी पुष्कळ बघितले होते. "कुणाची गं तू? पूर्ण नाव काय? राहता कुठल्या आळीला?" आडनाव कळेपर्यंत त्यांचं समाधान व्हायचं नाही, आणि कळलं की त्यांच्या बोलण्याचा सूर बदलायचा. पाण्याचा तांब्या जरा वरूनच ओतला जायचा. इथे मी जे तीन प्रश्न विचारत होते, त्यांतून कुणाची जात कळत नव्हती. कारखान्याचा मालक असो की शाळेतला शिपाई, प्रश्न तेच आणि सूरही तोच. मला त्या खुर्चीचा गर्व होता, अजूनही आहे.

आप्पा रिटायर झाल्यावर मिळालेला पैसा त्यांनी आमच्याच बँकेच्या नगरच्या शाखेत ठेवला. "लेकीची ब्यांक" म्हणून ठेवला, दुसरं काही कारण नाही. फॉर्म मीच भरला. त्या पैशात भिंगारला दोन खोल्या बांधायच्या होत्या, विटा-सिमेंटच्या, पावसात न गळणाऱ्या. आईने आयुष्यभर मागितलेली गोष्ट ती एवढीच.

आणि मग तो शनिवार उजाडला. मराठीच्या टेबलावर आम्ही तिघीच होतो. अकराच्या सुमारास फोन आला. मी म्हटलं, "नमस्कार, फोनबँकिंगमध्ये आपलं स्वागत आहे, मी वैशाली बोलतेय." पलीकडून एसटीचा हॉर्न आणि धापा टाकणारा आवाज आला.

"वैशे! अगं मी हाय, मी! जामखेडच्या स्टँडवरून बोलतोय. पिशवी गेली बघ गाडीतून. चेकबुक हाय तिच्यात, सही केलेला कोरा चेकबी."

लाकडं स्वस्त मिळतात म्हणून आप्पा जामखेडला गेले होते, आणि तिथल्या व्यापाऱ्याला द्यायचा चेक घरूनच सही करून नेला होता. रकमेची जागा कोरी. ज्याच्या हाती पिशवी लागेल त्याने आकडा टाकला की दोन खोल्यांचं स्वप्न गेलंच म्हणून समजा. चेक थांबवायला माझी दोन बटणं पुरली असती. पण त्याआधी ते तीन प्रश्न होते.

"सर, आपला खाते क्रमांक सांगा."

आप्पांनी डेपोतल्या हत्यारांचे नंबर पाठ असायचे तसा घडाघडा बारा आकडी नंबर सांगितला. आईचं नाव विचारलं, तेही बरोबर आलं. "जन्मतारीख, सर?"

"चौदा ऑक्टोबर एकोनीसशे छप्पन."

कॉम्प्युटरवर होती एक जून, चाळीस सालची. आता तुम्हाला हे सांगायला हवं. एक जून ही तारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली; त्या हिशेबाने आमचा निम्मा जिल्हा एक जूनला जन्मला आहे. डेपोच्या दप्तरात तीच होती, म्हणून फॉर्मवरही मी तीच लिहिली. पण आप्पांनी ती घरात कधी मानली नाही. सोळा वर्षांचे असताना ते माझ्या आजोबांबरोबर नागपूरला गेले होते, लाखोंच्या गर्दीत उभं राहून त्यांनी धम्मदीक्षा घेतली होती. "त्याच्या आदी मी नुसता जित्ता हुतो. जन्मलो त्या दिवशी," असं म्हणायचे. दरवर्षी चौदा ऑक्टोबरला आमच्या घरी त्यांचा वाढदिवस, आणि आईच्या हातची खीर. परक्याने विचारलं असतं तर त्यांनी एक जून सांगून टाकली असती. पण विचारणारी मी होते. लेकीला ते खोटी तारीख कशी सांगतील?

"सर, कृपया नीट आठवून पुन्हा सांगा."

"आठवायचं काय त्यात?" आता आवाज कडक झाला. "चौदा ऑक्टोबर छप्पन. येकदा सांगितलं ना!"

'नोकरीतली' एवढा एक शब्द मी बोलले असते तर काम झालं असतं. तो शब्द माझ्या जिभेवर येऊन थांबला होता. आईच्या दोन खोल्या एका बाजूला, नोकरी दुसऱ्या बाजूला, असंही नव्हतं. नोकरी काय, दुसरी मिळाली असती. पण रोज दोनशे माणसांना जे मी सांगत होते ते माझ्या बापापाशी आल्यावर खोटं ठरलं असतं, आणि त्या खुर्चीचा गर्व मला पुन्हा करता आला नसता.

"माफ करा सर, आपली ओळख पटलेली नाही," मी म्हटलं. "नगरची शाखा आज एक वाजेपर्यंत उघडी आहे. तिथे लेखी अर्ज दिलात तर चेक थांबवता येईल."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. पुढचा फोन मी घेतला, त्याच्या पुढचाही घेतला. कोण काय बोललं ते मला आज विचाराल तर सांगता यायचं नाही.

तीन वाजता शिफ्ट सुटल्यावर धावत पीसीओ गाठला आणि भिंगारला शेजाऱ्यांकडे फोन लावला. आई आली. "बापाला न्हाई म्हनली? जीभ कशी रेटली गं तुजी?" मी रडायलाच लागले. मग तिने सांगितलं. आप्पा जामखेडहून कांद्याच्या टेम्पोत बसून नगरला आले, एकला दहा मिनिटं कमी असताना शाखेत शिरले आणि चेक थांबवला. पैसा वाचला होता. "पन आल्यापासून भिंतीकडं तोंड करून बसल्यात. तुजं नाव काढलं तर हूं का चूं न्हाई."

पंधरा दिवसांनी घरी गेले. नव्या खोल्यांचा पाया खणून झाला होता आणि आप्पा विटांच्या ढिगावर बसले होते. मी पाया पडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हातातल्या विटेवरची माती झाडत विचारलं, "आमच्या डेपोचा कर्नल साहेब हाय. त्याचा फोन आला, आन त्याची तारीख चुकली, तर?"

"तर त्यालाही नाहीच म्हणणार."

"लई वरडला तर?"

"वरडू दे की."

"आन त्यो वाड्यातला पाटील? त्यानं तुज्या आजाला पायरीवर चढू दिलं न्हाई कधी. त्याचा आला तर?"

"तोच नियम, आप्पा. तेच तीन प्रश्न."

आप्पा उठले आणि घराकडे तोंड करून मोठ्याने ओरडले, "अगं ऐकलं का! पाटलालाबी भाईर उभा करती पोरगी! आन मलाबी! समद्यांना सारखं!" इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "जनमभर लोकांनी अडवलं, पन नियम कुनी दावला न्हाई. तू पयलीच."

आता माझं स्वतःचं घर डोंबिवलीला आहे, तिसऱ्या मजल्यावर, दारावर माझ्या नावाची पाटी. पण घर म्हटलं की मला भिंगारच्या त्या अर्धवट बांधकामापाशी गेलेली दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. बँकेने नवा फॉर्म काढला होता. ग्राहकाने स्वतःच्या पसंतीची एक तारीख द्यायची, आणि फोनवर तीही विचारली जायची. मी तो बरोबर नेला होता. आप्पांनी चष्मा लावला, सुताराची पेन्सिल कानावर खोचून ठेवली आणि शाईच्या पेनाने सावकाश एकेक आकडा काढला. मला म्हणाले, "तू तिकडं बघ. ही ग्राहकाची खासगी बाब हाय." मग स्वतःच हसायला लागले, कारण ती तारीख त्या घरात कुणाला माहीत नव्हती?

"आता इचार," ते म्हणाले. आई चुलीपुढून उठून दारात आली.

"सर," मी म्हटलं, "आपली पसंतीची तारीख सांगा."

आप्पा उभे राहिले, सदरा सारखा केला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "चौदा ऑक्टोबर एकोनीसशे छप्पन."

"धन्यवाद, सर," मी म्हटलं. "आपली ओळख पटली."